मोकळ्या शेपटीच्या वटवाघळांची वंशनिश्चिती : कराड-पाटण परिसरातील प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२४, कराड

आज वही उघडली आणि काम कशासाठी हाती घेतले ते पहिल्याच पानावर लिहून ठेवत आहे. गेल्या तीन वर्षांत आमच्या प्राणिशास्त्र विभागाकडे कराड आणि पाटण तालुक्यांतून वटवाघळांची जी छायाचित्रे जमा झाली, त्यांपैकी सात छायाचित्रांमागे 'मोकळ्या शेपटीचे' अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. पण ती कोणत्या लक्षणावरून लावली, हे एकाही चिठ्ठीवर लिहिलेले नाही. चिठ्ठ्या लावणाऱ्यांत मीही होतो, म्हणून ही दुरुस्ती माझ्याच हातून व्हावी असे वाटते. सातही छायाचित्रे नव्याने तपासायची, परिसरातून नवे पुरावे मिळवायचे आणि कुलापासून वंशापर्यंत पुरावा जिथवर नेईल तिथवरच जाऊन थांबायचे, असे एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांशी बोलून ठरवले आहे.

मोकळ्या शेपटीच्या वटवाघळांचे कुल, म्हणजे जवळच्या वंशांचा मोठा गट, मोलोसिडी. मोलोसस हे नाव मुळात एका धिप्पाड शिकारी कुत्र्याच्या जातीचे. या वटवाघळांचा रुंद, जाड ओठांचा चेहरा पाहून ते दिले गेले. जगात या कुलाच्या शंभराहून अधिक जाती आहेत. भारतात नोंदले गेलेले वंश प्रामुख्याने तीन : टॅडॅरिडा, केरेफॉन आणि ओटोमॉप्स. आमचा सगळा प्रश्न या तिघांभोवती फिरणार आहे.

दोन शब्दांचा निर्णय आजच करून ठेवतो. 'जीनस'ला मराठीत कुठे वंश म्हणतात तर कुठे प्रजाती, आणि तोच प्रजाती हा शब्द वर्तमानपत्रांत 'स्पीशीज'साठीही वापरतात, त्यामुळे वाचणारा गोंधळतो. या वहीत जीनस म्हणजे वंश आणि स्पीशीज म्हणजे जाती. दुसरा शब्द पाकोळी. आपल्याकडे लहान वटवाघळालाही पाकोळी म्हणतात आणि दिवसभर आभाळात भिरभिरणाऱ्या लांब पंखांच्या पक्ष्यालाही पाकोळीच म्हणतात. मोकळ्या शेपटीच्या वटवाघळाला हे नाव फार नेमके बसते, कारण त्याचे पंखही तसेच लांब व अरुंद असतात आणि तेही झाडांच्या शेंड्यांवरून मोकळ्या हवेत सरळ व वेगाने उडते.

जिवंत वटवाघूळ पकडायचे नाही, निवाऱ्यात दिवसा शिरायचे नाही आणि निवाऱ्याची नेमकी जागा या वहीत लिहायची नाही, हे तीन नियम वनरक्षकांशी बोलून ठरले.

१९ जानेवारी

आगाशिवच्या डोंगरासमोरच्या एका टेकडीत कातळात खोदलेली जुनी टाकी आहेत. त्यांपैकी एका कोरड्या टाक्याच्या तोंडाशी संध्याकाळी थांबून लांबून छायाचित्रे घेतली. सातपैकी तीन चिठ्ठ्यांवर याच टाक्याचा उल्लेख आहे. संगणकावर छायाचित्र मोठे करताच चूक दिसली. भिंतीला पोट टेकवून, कोपर बाहेर काढून बसलेल्या या वटवाघळांची शेपटी दिसते खरी, पण ती पडद्याच्या कडेतून बाहेर येत नाही. मागच्या दोन पायांमधल्या पडद्याला मध्येच भेदून ती वरच्या बाजूने टोक काढते. ही म्यानशेपटी वटवाघळे, म्हणजे टॅफोझस वंशाची. त्यांचा मोलोसिडीशी संबंध नाही.

शेपटी दिसली की मोकळ्या शेपटीचे, असे आमच्याकडे होत आले आहे, म्हणून शेपटीचे तीन प्रकार विद्यार्थ्यांकडून फळ्यावर काढून घेतले. म्यानशेपटीत टोक पडद्याच्या पाठीवर उगवते. उंदीरशेपटीत, म्हणजे ऱ्हायनोपोमा वंशात, पडदा अगदी तोकडा असतो आणि शेपटी दोऱ्यासारखी बारीक व जवळजवळ धडाइतकी लांब लोंबते. मोलोसिडीत शेपटी जाड असते, पडद्याच्या मागच्या कडेतून सरळ बाहेर येते आणि तिचा साधारण निम्मा भाग मोकळा राहतो. एवढ्या एका लक्षणाने कुल ठरते. वंश ठरत नाही.

२ फेब्रुवारी

ओढ्यावरच्या एका जुन्या दगडी पुलाच्या सांध्यातून संध्याकाळी वटवाघळे निघतात असे शेजारच्या मळ्यातील आबांनी सांगितले होते. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी पहिले निघाले. ते आधी दोनतीन हात खाली कोसळले आणि मग पंख उघडून वर गेले. लांब आणि अरुंद पंखांना उचल घ्यायला वेग लागतो, जमिनीवरून झटकन उडणे त्यांना अवघड असते, म्हणून ही वटवाघळे उंच आणि खाली मोकळी जागा असलेली फट निवडतात. एकोणीस मोजली. पुलाखाली वास तीव्र आहे, घुशीच्या बिळासारखा पण जास्त आंबूस.

कठड्याला ऑडिओमॉथ हे ध्वनिमुद्रण यंत्र बांधून ठेवले. सेकंदाला २ लाख ५० हजार नमुने घेण्यावर ते लावले आहे, म्हणजे १२५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येईल.

१० फेब्रुवारी

आठ रात्रींचे मुद्रण ऐकले आणि त्यांपैकी सहा रात्री बाद कराव्या लागत आहेत, याचे फार वाईट वाटते. कारखान्यांचा गाळप हंगाम चालू असल्याने पुलावरून रात्रभर उसाचे ट्रॅक्टर जातात. त्यांचा धडधडाट टाळावा या हेतूने यंत्रात १८ किलोहर्ट्झखालचा आवाज गाळणारी चाळणी लावली गेली होती. वाहनांच्या आवाजाचा मोठा भाग काही किलोहर्ट्झच्या खालीच असतो. त्यासाठी इतकी उंच चाळणी लावायचे काहीच कारण नव्हते. ज्या कुलाचा शोध आहे त्याच्या साद, म्हणजे वाट आणि कीटक शोधायला काढलेले आवाज, इतर बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांच्या मानाने खालच्या पट्टीतल्या असतात. टॅडॅरिडा इजिप्शियाकाच्या साद साधारण विशीच्या आसपास आणि ओटोमॉप्सच्या तर १५ किलोहर्ट्झच्या आसपास असतात, म्हणजे चांगल्या कानाच्या तरुण माणसाला त्या नुसत्या ऐकूही येऊ शकतात. आम्ही नेमकी तीच पट्टी कापली होती. यंत्र लावण्यापूर्वी मी मांडणी तपासली नाही. ही चूक माझी. यापुढे चाळणी ५ किलोहर्ट्झच्या वर न्यायची नाही आणि प्रत्येक मुद्रणासोबत यंत्राची मांडणी वहीत लिहायची.

उरलेल्या दोन रात्रींतून आणखी एक धडा मिळाला. निवाऱ्यातून निघताना ही वटवाघळे दगडाच्या अगदी जवळून उडतात, त्या वेळी त्यांच्या साद आखूड, चढ्या आणि वरून खाली घसरणाऱ्या होतात. मोकळ्या आकाशात गेल्यावर तेच प्राणी दहा मिलिसेकंदांहून लांब, जवळजवळ सपाट आणि बरेच अंतर राखून साद घालतात. खालच्या पट्टीचा आवाज हवेत कमी विरतो, त्यामुळे दूरचा कीटक लवकर कळतो. म्हणजे वंश ओळखण्यासाठी पुलावरचे मुद्रण उपयोगाचे नाही. यंत्र तीनशे पावलांवर, उघड्या शेतातल्या विहिरीच्या रहाटाच्या खांबावर हलवले.

२५ फेब्रुवारी

आबांचा सकाळी सातला फोन आला. पुलाखाली एक वटवाघूळ मरून पडले होते. कुत्र्याने ओढू नये म्हणून त्यांनी त्यावर पाटी पालथी घालून ठेवली होती आणि हात लावला नव्हता, हे त्यांनी फार चांगले केले. वनरक्षकांना बोलावून, हातमोजे आणि मास्क घालून, त्यांच्यासमोरच मोजमाप केले आणि मृत प्राणी त्यांच्या ताब्यात दिला. आजची नोंद सविस्तर लिहीत आहे, कारण हातात आलेला हा एकच पक्का पुरावा आहे.

मादी, प्रौढ, बोटांच्या सांध्यांतील कूर्चा पूर्ण कडक झालेली, म्हणजे पिल्लू नाही. पाठीचा रंग भाजलेल्या कॉफीच्या बीसारखा तपकिरी, पोट थोडे फिके. खांद्यावर फिकट पट्टा नाही. केस आखूड, दाट आणि मखमली. पंखाचा पडदा चामड्यासारखा जाड. शेपटीचा पडदा बोटाने सरकवला तर शेपटीवरून मागेपुढे घसरतो, जसा बाहीत हात घसरतो. पायाच्या बोटांवर राठ केसांची कड, त्यांत काही केस चमच्याच्या टोकासारखे वळलेले. अग्रबाहू, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग, डावा ५०.२ मिमी, उजवा ५०.४ मिमी.

एवढ्यावर ओटोमॉप्स बाजूला होतो. भारतातल्या ओटोमॉप्स रॉटोनीचा अग्रबाहू ६३ ते ६७ मिमीच्या घरात असतो, मानेमागे व खांद्यांवर फिकट करडा पट्टा असतो आणि कान तर इतके मोठे की पुढे झुकून नाकावर छप्पर धरल्यासारखे दिसतात. पण टॅडॅरिडा इजिप्शियाका आणि केरेफॉन प्लिकॅटस यांच्या अग्रबाहूंची मापे एकमेकांत मिसळतात. पन्नास मिलिमीटर म्हटले की दोघांपैकी कोणीही असू शकते, आणि इथेच बहुतेक घाईचे निर्णय होतात.

मग कान पाहिले. भिंग धरून, चिमट्याने केस बाजूला करून, दोन्ही कानांच्या आतल्या कडा कपाळावर कुठे संपतात ते तपासले. कडा एकमेकींच्या जवळ येतात, पण त्यांच्यामध्ये साधारण तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी मोकळी जागा आहे आणि तिथली त्वचा सपाट आहे. केरेफॉनमध्ये दोन्ही कान कपाळावर त्वचेच्या एका पट्टीने जोडलेले असतात. ती पट्टी इथे नाही. विद्यार्थिनीने हेच स्वतंत्रपणे पाहून वेगळ्या कागदावर लिहिले. दोघांच्या नोंदी जुळल्या.

वरच्या ओठावर खोल सुरकुत्या, एका बाजूला मोजल्या तर सात भरल्या. त्यानंतर दात. वरच्या जबड्यात पटाशीच्या दातांची एकच जोडी. खालच्या जबड्यात सुळ्यांच्या मध्ये सहा बारीक दात दाटीवाटीने बसलेले, शेवटचा जोड सुळ्याला चिकटून मागे ढकलला गेलेला, त्यामुळे पहिल्यांदा चारच मोजले गेले होते. टॅडॅरिडामध्ये खालच्या पटाशीच्या दातांच्या बहुधा तीन जोड्या असतात आणि एकूण दात ३२ भरतात. केरेफॉन प्लिकॅटस आणि ओटोमॉप्समध्ये खाली दोनच जोड्या आणि एकूण ३०. कवटीत टाळूच्या पुढच्या कडेची खाच हेही वंशाचे चांगले लक्षण आहे, टॅडॅरिडात ती रुंद आणि उघडी असते. पण त्यासाठी कवटी साफ करावी लागते आणि तो आमचा अधिकार नव्हता.

नोंद : कुल मोलोसिडी, शेपटीवरून. वंश टॅडॅरिडा, न जोडलेले कान आणि खालच्या पटाशीच्या दातांच्या तीन जोड्या यांवरून. जाती बहुधा इजिप्शियाका, अग्रबाहू आणि ठिकाण यांवरून.

१० मार्च

नावांचा इतिहास नीट लावण्यात आठवडा गेला, पण तो लावल्याशिवाय जुनी पुस्तके वाचता येत नाहीत. ब्रिटिशकालीन ग्रंथांत ही सारी वटवाघळे निक्टिनोमस या वंशात दिसतात. हे नाव एतियेन जॉफ्रॉय यांनी १८१८ मध्ये इजिप्तच्या वटवाघळासाठी दिले. मात्र त्याच्या आधी, १८१४ मध्ये, रफिनेस्क यांनी सिसिलीतल्या याच गटातील वटवाघळाला टॅडॅरिडा हे नाव दिलेले होते. आधीचे नाव टिकते या नियमाने टॅडॅरिडा टिकले. आपल्या पुलातल्या प्राण्याचे जुने नाव आणि नवे नाव वेगळे असण्याचे कारण एवढेच आहे, प्राणी तोच.

केरेफॉन वंश डॉब्सन यांनी १८७४ मध्ये वेगळा काढला. केरेफॉन हा सॉक्रेटिसचा मित्र. फिकट आणि निशाचर म्हणून अथेन्सच्या रंगभूमीवर त्याला वटवाघूळ म्हणून हिणवले जात असे. अलीकडे रेणवीय, म्हणजे डीएनएच्या, पुराव्यांवरून केरेफॉन हा मॉप्स वंशातच मिळवावा असे अनेक अभ्यासक मानतात, म्हणून नव्या याद्यांत तेच वटवाघूळ मॉप्स प्लिकॅटस म्हणून सापडते. या वहीत मी केरेफॉन लिहीत आहे, कारण क्षेत्रात पाहायचे लक्षण, कानांची पट्टी, त्या नावाशी जोडून शिकवता येते. पण अंतिम अहवालात दोन्ही नावे शेजारी ठेवावीत.

ओटोमॉप्सची हकिकत आपल्या अंगणाजवळची आहे. ऑल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचे वर्णन केले. मूळ नमुना बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतला, म्हणजे सांगलीहून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास. जातीचे रॉटोनी हे नाव मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन यांच्यावरून ठेवले. 'ओटो' म्हणजे कान, आणि कान पाहिले की वेगळा वंश का केला हे समजते. कित्येक दशके ही जाती जगात त्या एकाच गुहेतून माहीत होती. पुढे कंबोडियात आणि मेघालयातील गुहांत ती सापडली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचे नाव आहे आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत ती 'अपुरी माहिती' या वर्गात आहे. वंशाची मांडणीही अजून हलते आहे : १९९२ मध्ये इंडोनेशियातील अलोर बेटावरून जॉन्स्टोनी ही जाती, तर २०१५ मध्ये आफ्रिकेतील मार्टिएन्सेनीतून वेगळी काढलेली हॅरिसोनी. आता एकूण आठ जाती धरल्या जातात आणि आशियातल्या काहींचे मोजकेच नमुने जगात आहेत.

पॅट्रिशिया फ्रीमन यांनी १९८१ मध्ये या कुलाच्या कवट्यांचा जो मोजमापांवर आधारलेला अभ्यास केला, त्यातला एक मुद्दा विद्यार्थ्यांना फार आवडला. जाड, दणकट जबड्यांची वटवाघळे भुंग्यांसारखे कठीण कीटक खातात आणि सडपातळ जबड्यांची पतंगांसारखे मऊ कीटक. ओटोमॉप्सचा जबडा सडपातळ. वर्गीकरणासाठी घेतलेले माप प्राण्याच्या रोजच्या जेवणाची गोष्ट सांगते, हे एकदा कळले की मुले कॅलिपर काळजीने धरतात.

६ एप्रिल, पाटण

पठाराच्या कड्यावर दोन रात्री यंत्र ठेवले. वस्तीतल्या दोघांनी आधी विरोध केला. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांच्या २०२० मधील नमुन्यांत निपाहची प्रतिपिंडे मिळाल्याची बातमी त्यांच्या लक्षात होती. त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. आम्ही पकडत नाही, गुहेत जात नाही, फक्त आवाज टिपतो, हे यंत्र हातात देऊन दाखवल्यावर त्यांनीच जागा सुचवली.

मुद्रणाच्या आलेखात बहुतेक साद १९ ते २२ किलोहर्ट्झच्या, सपाट, एकाच रेषेच्या. काही ठिकाणी एकावर एक शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेषा आहेत आणि दुसरी पायरी सर्वांत ठळक. त्या म्यानशेपटी वटवाघळाच्या. दुसऱ्या रात्री २ वाजून १० मिनिटांनी मात्र १६ ते १७ किलोहर्ट्झच्या पाच साद मिळाल्या, अस्पष्ट, दूरच्या. विद्यार्थ्याने उत्साहाने ओटोमॉप्स लिहिले होते. त्याचा आनंद मला समजतो, माझेही मन क्षणभर तिकडे गेले. पण टॅडॅरिडाही मोकळ्या आकाशात उंचावर आपली साद खाली आणते, पाच अस्पष्ट साद म्हणजे काही सलग ओळ नव्हे, आणि पहिल्या अनुसूचीतल्या जातीचे नाव साताऱ्याच्या यादीत असे घुसले तर ते पुढची वीस वर्षे एकमेकांच्या लेखांतून फिरत राहील. आम्ही दोघांनी बसून नोंद बदलली : कुल मोलोसिडी, वंश अनिश्चित, मुद्रण जपून ठेवावे, पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी सलग दहा रात्री.

१९ मे

वळवाचा पहिला पाऊस परवा झाला. संध्याकाळी बांधावरच्या बाभळीवर आणि कडुलिंबावर हुमणीचे भुंगेरे जमले होते. आबा म्हणाले, "सर, ह्या पाकुळ्या आज लवकर निघाल्यात बघा, त्यास्नी बी कळतंय." खरोखरच पहिले वटवाघूळ सूर्यास्तानंतर अकरा मिनिटांतच निघाले.

पुलाखालची ताजी लेंडी पाण्यात भिजवून भिंगाखाली उलगडली. तपकिरी, चकाकणारे कठीण पंखांचे तुकडे बरेच निघाले, म्हणजे भुंगे खाल्ले आहेत. ते हुमणीचेच आहेत असे तुकड्यांवरून म्हणता येणार नाही. कीटकशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे ते दिले आहेत.

९ जून

पावसामुळे यंत्र काढून आणले. झुडपांतल्या नाकतोड्यांनी १० ते २० किलोहर्ट्झची पट्टी आता पूर्ण भरून टाकली आहे, त्यामुळे या हंगामात पुढे मुद्रण करण्यात अर्थ नाही.

आज सातही छायाचित्रांच्या चिठ्ठ्या बदलल्या आणि प्रत्येकीवर लक्षण लिहिले. टाक्यातली तीन : वंश टॅफोझस, शेपटी पडद्याच्या पाठीतून. किल्ल्याच्या दारातले एक : वंश ऱ्हायनोपोमा, दोऱ्यासारखी लांब शेपटी, तोकडा पडदा. पुलाखालचे एक : वंश टॅडॅरिडा, कान न जोडलेले, समोरून घेतलेल्या छायाचित्रात स्पष्ट दिसतात. एका वाड्याच्या तुळईवरचे एक : कुल मोलोसिडी, कान दिसतात, पण कपाळावर सावली पडली आहे. सातव्यात प्राणी पाठमोरा आहे. शेपटी जाड आणि निम्मी बाहेर, ओले केस, मागे चुन्याची भिंत. या दोन्हींच्या चिठ्ठीवर वंशापुढची जागा कोरी ठेवली आणि खाली लिहिले, 'समोरून, कपाळावर उजेड घेऊन पुन्हा छायाचित्र हवे.'